धोका हलवायचा की निवारायचा?



डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत 26 मे 2016 रोजी प्रोबेस एंटरप्रायझेस या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. 12 माणसे मेली, दीडशेहून अधिक जखमी झाली, दूरदूरच्या घरांच्या काचा फुटल्या. आठ वर्षांनी, 23 मे 2024 रोजी, त्याच वसाहतीत अमुदान केमिकल्सच्या रिअ‍ॅक्टरचा स्फोट होऊन पुन्हा दहा किंवा त्याहून अधिक बळी गेले. दोन्ही वेळा चौकशी झाली, मदत जाहीर झाली आणि दोन्ही वेळा एकच मागणी उठली : हे कारखाने येथून हलवा. मधल्या काळात, 2022 साली, येथील 156 कारखाने पाताळगंगेला नेण्याचा निर्णय राज्य सरकारने जाहीरही केला होता. 2024 चा स्फोट डोंबिवलीतच झाला.

नागरिकांची भीती खरी आहे. तिची टिंगल करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु पाताळगंगेच्या काठीही माणसेच राहतात. जी टाकी डोंबिवलीत गळते ती तेथे गळणार नाही, असे कोणते आश्वासन स्थलांतरात आहे? कारखान्याबरोबर धोका जातो आणि मागे राहतो तो बेकार कंत्राटी कामगार. म्हणून स्थलांतराचा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न कारखान्याच्या कुंपणाआत रसायन कसे ठेवले जाते हा आहे.

यात गूढ असे काही नाही. टाकीभोवती असा पक्का बांध हवा की टाकी फुटली तरी तिच्यातील सारा द्रव त्यात मावेल आणि पावसाळी गटाराला मिळणार नाही. आम्ल आणि अल्कली यांची पिंपे शेजारी ठेवता कामा नयेत. पेरॉक्साइडसारखे पदार्थ ज्वलनशील द्रवांपासून दूर हवेत. सेंद्रिय पेरॉक्साइड ठराविक तापमानापलीकडे गेले की आपोआप विघटित होऊ लागते, त्या उष्णतेने विघटन आणखी वाढते; म्हणून तेथे शीतकरण क्षणभरही थांबून चालत नाही. प्रत्येक पिंपावर कामगाराला वाचता येईल अशा भाषेत नाव व धोका लिहिलेला हवा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लागेल तेवढाच साठा करावा.

हे सारे ठाऊक असून होत का नाही? कारण बांधाला जागा लागते, शीतकरणाला वीज लागते, आणि बाजारभाव पाहून केलेला मोठा साठा नफा देतो. भोपाळमध्ये डिसेंबर 1984 मध्ये ज्या टाकीतून वायू गळला, तीत सुमारे 40 टन मिथिल आयसोसायनेट साठविलेले होते आणि तिची शीतकरण यंत्रणा कित्येक महिने बंद होती. हजारो माणसांच्या मृत्यूस कारण झालेला तो निर्णय तंत्रज्ञानाचा नव्हता, काटकसरीचा होता.

धोका कुंपणाबाहेरही पडतो. नोव्हेंबर 2014 च्या अखेरीस उल्हासनगरला वालधुनी नदीत टँकरमधून रसायन ओतले गेले आणि वायूमुळे शेकडो नागरिकांना रुग्णालयात न्यावे लागले. ज्याची साठवण महाग वाटते, त्याला नदी फुकट मिळते, हा त्याचा अर्थ.

भोपाळनंतर कायदे झाले. कारखाने अधिनियमात 1987 साली दुरुस्ती होऊन धोकादायक कारखान्यांत मालक व कामगार यांच्या समसमान प्रतिनिधींची सुरक्षा समिती आली. नोव्हेंबर 2025 पासून त्या अधिनियमाची जागा नव्या संहितेने घेतली असली, तरी धोक्याची माहिती कामगारांना आणि परिसरातील जनतेला देण्याचे मालकाचे कर्तव्य तीतही आहे. रासायनिक अपघातांसंबंधीच्या 1996 च्या नियमांनी स्थानिक आपत्ती गट स्थापन करण्यास सांगितले आणि त्यात अधिकाऱ्यांबरोबर डॉक्टरांना व समाजकार्यकर्त्यांनाही स्थान दिले. कागदावरचे हे हक्क मागितल्यावाचून कोणी देत नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. ठाण्यापासून डोंबिवली-अंबरनाथपर्यंत प्रत्येक रासायनिक कारखान्याच्या साठ्याची यादी मागावी. ती अग्निशमन दलापाशी व जवळच्या दवाखान्यात आहे काय, हे तपासावे. सुरक्षा समितीत कायम कामगारांइतकेच कंत्राटी कामगारांना स्थान मिळावे, असा आग्रह युनियनने धरावा; पिंपे उचलतो तोच आणि प्रथम जळतो तोही तोच. स्थानिक आपत्ती गटाची बैठक शेवटी केव्हा झाली, रंगीत तालीम केव्हा झाली, हे प्रांताधिकाऱ्यांना विचारावे व उत्तर चाळीचाळीत जाहीर करावे.

कामगाराने रोजीसाठी जीव द्यावा आणि रहिवाशाने जिवासाठी कामगाराची रोजी मागावी, अशी ही भांडणे लावून दिली जातात. कुंपणाच्या दोन्ही बाजूंच्या माणसांनी गोदामाची किल्ली एकत्र मागितली, तर ते भांडण मिटेल. स्फोटानंतरच्या मोर्चापेक्षा स्फोटाआधीची ही मागणी अधिक मोलाची आहे.