वाळू उपसल्यानंतर

सटाण्याजवळ आरम नदीच्या पात्रातली ओली वाळू मुठीत आवळून पाहा, बोटांच्या फटींतून पाणी टपकतं. पावसाळ्यात मुरलेलं हेच पाणी काठच्या विहिरींना मिळतं. वाळू खरवडून खडक उघडा पडला, की पूर सरळ वाहून जातो आणि विहिरी लवकर तळ गाठतात. आरम आणि मोसम या नद्यांच्या भरवशावर बागलाणात फड पद्धतीची, म्हणजे बंधाऱ्यातलं पाणी पाटाने वाटून घेणारी, शेती उभी राहिली, हेही ध्यानात घ्या.

वाळू कायद्याने गौण खनिज. मोल मात्र गौण नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये दीपक कुमार खटल्यात गौण खनिजांच्या पाच हेक्टरांखालच्या खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली.

मला काळजी वाटते ती खाणकामाच्या शेवटच्या टप्प्याची. काळा दगड फोडून केलेल्या कृत्रिम वाळूने नदीवरचा भार हलका होतो, पण टेकडीत खड्डा उरतो. त्याच्या कडा उतरत्या करणं, आधी काढून जपलेली माती परत पसरणं, झाडं लावणं, हा खर्च पहिल्या सुरुंगाआधीच धरायला हवा. शिवाय पाडलेल्या घराचा राडारोडा मुरमाऐवजी भरावाला वापरला, तर तेवढा मुरूम टेकडीतच राहतो.