डोळ्यांना झेपेल एवढे अक्षर

माझी आई लातूरला राहते, मी नांदेडला. तिला जन्मभर वाचनाचे वेड. पण सत्तरीनंतर तिने पुस्तक हातात घेणे हळूहळू सोडले. "आता नको वाटतं," एवढेच म्हणायची. मला वाटले, गोडी संपली. खरे तर तिला बारीक अक्षर दिसत नव्हते आणि तसे सांगायचा संकोच वाटत होता.

एका दिवाळीला मी तिला टॅब्लेट नेऊन दिला. त्यात 'श्यामची आई' उतरवून घेतले होते. साने गुरुजी १९५० साली गेले. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे २०११ पासून हे पुस्तक कुणालाही मोफत देता-घेता येते. मी अक्षर मोठे करत गेलो. एका ओळीत चारच शब्द मावू लागले, तेव्हा आई म्हणाली, "थांब रे, एवढंच राहू दे." त्या दिवशी जेवणाची वेळ टळली तरी ती जागची उठली नाही.

छापील पुस्तकाची सर याला नाही, असे अनेकजण म्हणतात. मलाही कागदच आवडतो. पण आईपुढे प्रश्न वाचायचे की वाचन सोडायचे, एवढाच होता. नांदेड-लातूर रस्त्यावरच्या लोहा, अहमदपूर, चाकूरच्या वाचकालाही हवे ते पुस्तक जवळच्या दुकानात मिळेलच असे नाही. मराठी विश्वकोशाचे २० खंड किती घरांत मावतील? संकेतस्थळावर ते मोफत वाचता येतात. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तकेही तशीच उतरवून घेता येतात.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. पानांचे फोटो काढून केलेल्या पीडीएफमध्ये अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते. म्हणून शक्यतो 'ईपब' प्रकारचे पुस्तक घ्या, त्यात ओळी आपोआप जुळतात. आणि आजच्या लेखकाचे विकत मिळणारे पुस्तक मोबाइलवर फुकट फिरत आले, तर पुढे पाठवू नका. त्याच्या पोटाचा तो प्रश्न आहे.

गेल्या महिन्यात आईचा घाबऱ्याघाबऱ्या फोन आला. "काय झालं गं?" मी विचारले. म्हणाली, "लाईट गेलीय, चार्जिंग संपत आलंय, अन् तीन प्रकरणं राहिलीत!"