‘गावी गेला’ हा शेरा

सांगवीकरांनी डॉक्टरांच्या या परिषदेचे अध्यक्षपद मला दिले. जेवणाच्या आधीची वेळ दिली, म्हणजे मी लवकर आटोपेन अशी त्यांची अटकळ असावी.

अध्यक्षाने संशोधनाचा आढावा घ्यायचा असतो, तो घेतो. भारतीय सीकेडी (किडनीच्या जुनाट विकाराच्या) रजिस्ट्रीचा २०१२ चा अहवाल : ५२,२७३ रुग्ण, त्यांतल्या १६ टक्क्यांच्या आजाराचे कारण अज्ञात. पुढच्या वर्षी ‘सीक’ अभ्यास आला. १३ केंद्रांनी घेतलेल्या तपासण्यांत १७.२ टक्के लोकांना किडनीचा जुनाट विकार निघाला. कामे मोलाचीच. पण रजिस्ट्रीत तोच येतो जो किडनीच्या डॉक्टरपर्यंत पोचतो, आणि तपासणीला तोच येतो ज्याची त्या दिवशी पाळी नसते. पुण्याजवळच्या भोसरी-चाकण औद्योगिक पट्ट्यातला कंत्राटी कामगार यांत कुठे बसला? आढावा संपला.

डायलिसिसच्या रजिस्टरात एक शेरा मी वर्षानुवर्षे वाचत आलो आहे : ‘गावी गेला.’ पिंपळे गुरवला चौघांत खोली करून राहणारा पोरगा. राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत डायलिसिस फुकट. पण आठवड्यातून दोनदा चार-चार तास सुईला जखडायचे, वर जाणे-येणे; म्हणजे दोन पाळ्या बुडाल्या. ठेकेदार गेटपास बंद करतो, खोलीचे भाडे थकते. मग एसटीने परतूर, अहमदपूर, पुसद. तिथेच तो दगावतो. आमच्या हिशेबात तो ‘उपचार सोडलेला’, आणि गावच्या हिशेबात किडनीचा रुग्ण कधी नव्हताच. दोन्हीकडची कागदपत्रे स्वच्छ.

आंध्रातल्या उद्दानमचा किडनीचा आजार जगाला कळला, कारण नारळ-काजूच्या बागांतला तिथला रोगी तिथेच राहत होता. माणूस हलला की आपल्या विद्येला तो दिसत नाही.

सकाळच्या सत्रात मंडळी हमरीतुमरीवर आली : अज्ञात कारण म्हणजे उष्णता, पाणी की वेदनाशामक गोळ्या? माझ्याकडे एक भट्टीवरचा कामगार येत असे. तिशीतला, साखर नाही, बीपी नव्याने वाढलेला. “पाणी किती पितोस?” म्हटले, तर म्हणाला, “डॉक्टर, लघवीला जायचं तर जागी बदली माणूस, रिलीव्हर लागतो. तो मिळत नाही, म्हणून पीतच नाही.” वर कंबरदुखीसाठी रोज दुकानातली गोळी. आता सांगा, याची किडनी कोणत्या गटाच्या खात्यावर टाकायची? तिन्ही कारणे एकाच पाळीत कामाला येतात. माझ्यापुरता वाद मिटला.

दुसरा वाद रक्तातल्या क्रिएटिनिनवरून किडनीचे काम मोजायच्या सूत्राचा. अमेरिकेने २०२१ मध्ये त्यातला वंशाचा गुणक काढला, छान केले. पण अंगावर मांस नसलेल्या, पंचेचाळीस किलोच्या हेल्परचे क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ छापून येते आणि आपण त्याला घरी पाठवतो, त्याचे काय? आणि ज्यांच्यावर वादसुद्धा झाला नाही त्या बायका? किडनी द्यायला आई नाही तर बायको पुढे, घ्यायच्या रांगेत मात्र त्या अभावानेच. बायकांच्या या प्रश्नावर परिषदेत एकही निबंध आलेला नाही.

पुन्हा हलणाऱ्या माणसाकडे येतो. चाकणची ओळख कांद्याच्या बाजाराने होती तेव्हापासून मी या पट्ट्यात आहे. तेव्हा रोगी बैलगाडीतून यायचा, पण त्याचे घर मला माहीत असायचे. आजच्याचा मोबाइल नंबरसुद्धा दोन महिन्यांत बदलतो.

करायचे काय? कंपन्यांच्या वार्षिक तपासणीत कान, डोळे, फुप्फुसे पाहतात. लघवीतले प्रोटीन पाहायची पट्टी काही रुपयांची आहे. ती तपासणीत यावी, अहवाल एचआरच्या कपाटात न राहता कामगाराच्या हाती पडावा, ठेकेदाराची माणसेही त्यात यावीत. गावी गेलेल्यांना फोन करायला कुणीतरी नेमावे. पैसे कुठून, कुणी करायचे, हे कार्यकारिणीने बसून ठरवावे. माझ्याकडे आराखडा नाही. पण पुढल्या परिषदेत टक्केवारी मांडणाऱ्याला मी पहिला प्रश्न विचारणार : तुमच्या तक्त्यात गावी गेलेल्यांचा रकाना कुठे आहे? चाकण-भोसरीच्या कारखान्यांत जाणाऱ्या डॉक्टरांनी जेवताना माझ्या टेबलाशी यावे, नावे तिथेच लिहून घेतो.