स्वमग्न मुलाची तपासणी आणि ‘परिसर’ या शब्दाचा अर्थ

(महाड येथे पालक, अंगणवाडी सेविका आणि कार्यकर्ते यांच्यासमोर केलेले भाषण)



आजचा विषय वैद्यकाचा आहे आणि मी वैद्य नाही. आयुष्यभर मी अर्थशास्त्र शिकवले. तरीही हा विषय मी स्वीकारला. दोन-तीन वर्षांच्या मुलाला स्वमग्नता, म्हणजे ज्याला ऑटिझम म्हणतात ती अवस्था, आहे किंवा नाही हे वेळेवर कळणे आपल्याकडे मुलाच्या लक्षणांपेक्षा त्याच्या घराच्या पत्त्यावर आणि घरच्या मिळकतीवर अधिक अवलंबून असते. जे पत्त्यावर आणि मिळकतीवर ठरते, त्याचा विचार अर्थशास्त्राने आणि राजकारणाने केलाच पाहिजे.

लिओ कॅनर या अमेरिकेतील बालमानसोपचारतज्ज्ञाने १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन करून या अवस्थेकडे जगाचे लक्ष वेधले. त्यानंतरची कित्येक वर्षे, आईच्या मायेत ऊब नसली म्हणजे मूल असे होते, हा सिद्धान्त प्रतिष्ठित होता. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः अशा एका मुलाचे वडील होते. त्यांनी १९६४ साली ग्रंथ लिहून या सिद्धान्ताला आव्हान दिले आणि कारण मज्जासंस्थेत शोधावे असे मांडले. आज शास्त्राने आईवरील तो आरोप पूर्णपणे टाकून दिला आहे. आपल्या वाड्यावस्त्यांवर मात्र तो वेष पालटून वावरतो. ‘आईचे लक्ष नाही’, ‘मोबाइल हातात दिला म्हणून असे झाले’, ‘दृष्ट लागली’, असे बोलले जाते. जिला घरातच आरोपी ठरवले, ती आई तपासणीची गोष्ट काढायला कचरते, आणि मुलाची मोलाची वर्षे तेथेच जातात.

वर्षाचे मूल नावाने हाक मारली असता वळून पाहत नाही. दीड वर्षाचे झाले तरी हवी असलेली वस्तू बोटाने दाखवत नाही. आलेले शब्द पुन्हा नाहीसे होतात. एकच हालचाल किंवा एकच खेळ तासन्‌तास चालतो. यांपैकी एखाद्या गोष्टीवरून निदान होत नाही. पण ‘याचा बापही उशिराच बोलला होता’ असे म्हणून वाट पाहत बसण्यातही शहाणपण नाही. तपासून काही निघाले नाही तर काही बिघडत नाही; न तपासता गेलेला काळ मात्र परत येत नाही.

‘तपासणी’ या एका शब्दात तीन वेगवेगळ्या पायऱ्या दडलेल्या आहेत. पहिली पायरी चाळणीची. ठरलेले प्रश्न विचारून कोणत्या मुलाकडे अधिक लक्ष द्यावे एवढेच तेथे ठरते, आणि हे काम प्रशिक्षण मिळाल्यास अंगणवाडी सेविका करू शकते. दुसरी पायरी मूल्यमापनाची. येथे मुलाची श्रवणशक्ती आधी तपासावी लागते, कारण ऐकू न येणारे मूलही हाकेला ओ देत नाही. मग बालरोगतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ मुलाचे निरीक्षण करतात, पालकांशी सविस्तर बोलतात. तिसरी पायरी प्रमाणपत्राची. त्यासाठी चाळीस बाबींची एक भारतीय मोजपट्टी आहे. प्रत्येक बाबीला एक ते पाच गुण असतात, आणि एकूण गुण सत्तरच्या खाली असल्यास स्वमग्नता मानली जात नाही. या तीन पायऱ्यांचा घोटाळा झाला की पालक प्रमाणपत्रालाच उपचार समजतात, किंवा पहिल्या पायरीवरच घाबरून घरी बसतात.

आता कायद्याकडे वळू. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात सात प्रकार होते. त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिचे नाव प्रथम घेतले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारांत तिचा समावेश केला. या कायद्याचे पंचविसावे कलम माझ्या मते आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचे आहे. विशेषतः ग्रामीण भागात, घराच्या परिसरात, उत्पन्नाच्या अटीस अधीन राहून मोफत आरोग्यसेवा द्यावी, आणि जोखीम ओळखण्यासाठी सर्व मुलांची वर्षातून एकदा तरी तपासणी करावी, असे त्यात सांगितले आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने त्याआधीच अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरवून दिली होती. शंका आलेल्या मुलाला पुढे जिल्हा पातळीवर पाठवावे, अशी त्या कार्यक्रमाची रचना आहे.

आपला जिल्हा रायगड, आणि जिल्हा रुग्णालय अलिबागला. महाडपासून ते सुमारे शंभर किलोमीटर. पोलादपूरकरांना आणखी वीस. डोंगरातल्या वाडीवरून आधी एसटीच्या रस्त्यापर्यंत उतरायचे, ते वेगळेच. कायद्यातील ‘परिसर’ हा शब्द एवढा ताणता येतो काय, हा माझा आजचा प्रश्न आहे.

हिशेब अगदी साधा आहे. सरकारी रुग्णालयात तपासणीचे शुल्क नाही असे धरू. श्रवणतपासणी, मूल्यमापन आणि प्रमाणपत्र यांसाठी कमीत कमी तीन खेपा झाल्या, आणि अनोळखी गर्दीत बिथरणाऱ्या मुलाबरोबर दोन माणसे गेली, तर सहा रोज बुडाले. भाडे आणि एखादा मुक्काम धरलेला नाही. आपल्याकडील कित्येक घरांतला कर्ता पुरुष मुंबईत असतो. त्याची रजा बिनपगारी. कातकरी कुटुंब तर हंगामात वीटभट्टीवर असते. तपासणी पथक अंगणवाडीत येते त्या दिवशी मूल तेथे असेलच असे नाही. तेव्हा ज्याला आपण मोफत सेवा म्हणतो, तिची किंमत गरिबाकडून मजुरीच्या रूपाने वसूल होते. सरकारच्या हिशेबात ती कोठेच दिसत नाही.

जेथे सार्वजनिक सेवा दूर असते, तेथे बाजार जवळ येतो. ‘मूळपेशींनी मूल बरे होईल’ असे सांगून लाखो रुपये मागणारे दवाखाने याच पोकळीत उभे राहिले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्वमग्नतेसाठी अशा उपचाराला मान्यता नाही. पण ज्या बापाला खरी माहिती देणारा माणूस शंभर किलोमीटरवर आहे, त्याने जमीन गहाण टाकली तर त्याच्या भोळेपणाला हसण्याचा आपल्याला अधिकार नाही.

अशी मुले थोडी, त्यांच्यासाठी एवढा खर्च कशाला, असा एक आक्षेप घेतला जातो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील पाच ठिकाणे होती. कोकणाला लागून असलेला उत्तर गोवा त्यांपैकी एक. त्यात शंभर मुलांमागे सुमारे एक मूल स्वमग्न आढळले. आपल्या दोन तालुक्यांतील मुलांची संख्या डोळ्यांपुढे आणा, म्हणजे ‘थोडी’ हा शब्द टिकत नाही. दुसरा आक्षेप घरातून येतो: शिक्का बसेल, भावंडांची लग्ने अडतील. ही भीती खरी आहे, तिची टवाळी करू नये. पण शिक्का मूल्यमापनाआधीच बसलेला असतो. गाव त्या मुलाला ‘वेडा’ म्हणतच असते. मूल्यमापनाने त्या शब्दाच्या जागी योग्य शब्द येतो, आणि त्याच्याबरोबर वाचाउपचार, शाळेतील सोयी, विम्याची योजना यांची दारे उघडतात.

महाडमध्ये ही गोष्ट सांगताना इतिहास आठवणे अपरिहार्य आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तळ्यापर्यंत चालत जाईपर्यंत त्या पाण्याला हात लागला नाही. त्या अन्यायाची या प्रश्नाशी बरोबरी मी करीत नाही. ती करणे गैर होईल. मात्र ठराव होणे आणि हक्क हाती येणे यांच्यामधील अंतर लोकांना संघटित होऊन कापावे लागते, हा धडा याच गावाने दिला आहे.

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. महाडच्या सरकारी रुग्णालयात महिन्यातील एक ठरलेला दिवस बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि श्रवणतपासणीची सोय एकत्र असावी, आणि प्रमाणपत्राचे काम तेथेच पुरे व्हावे. ती तारीख दोन्ही तालुक्यांतील प्रत्येक अंगणवाडीत लावलेली असावी. मूल्यमापनानंतरचे वाचाउपचार आणि पालकांचे प्रशिक्षणही तालुक्यातच मिळावे, नाहीतर निदान म्हणजे केवळ वाईट बातमी ठरेल. अंगणवाडी सेविकेला या कामाचे प्रशिक्षण आणि वेगळा मोबदला मिळावा. मानधनावर राबणाऱ्या स्त्रीवर आणखी एक नोंदवही लादून समता येत नाही.

कार्यकर्त्यांना माझे सांगणे एवढेच. पुढच्या महिन्यात आपापल्या गावातील सेविकेकडे जा आणि दोन गोष्टी विचारा: गेल्या वर्षभरात किती मुलांना पुढील तपासणीसाठी पाठवले, आणि त्यांपैकी किती मुलांची तपासणी खरोखर झाली. मुलांची नावे लिहून घेऊ नका, आकडे घ्या. या दोन आकड्यांतील फरक घेऊन आपण पंचायत समितीत आणि जिल्हा परिषदेत जाऊ. ‘परिसर’ या शब्दाचा अर्थ त्यांच्याकडून लेखी मागू.