मधली वर्षं आणि नोकरीची मुलाखत

(राधानगरी येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आपल्या या गावाला शाहू महाराजांनी आपल्या मुलीचं, राधाबाईंचं नाव दिलं. त्यांच्या सूनबाई इंदुमतीदेवी. 1917 साली लग्न झालं आणि 1918 साली वैधव्य आलं. विधवेला कोपऱ्यात बसवण्याच्या त्या काळात महाराजांनी त्यांच्या शिक्षणाची सोय केली. असा सासरा प्रत्येकीला लाभत नाही. म्हणून ती सोय आता आपणच एकमेकींची करायची आहे.

आपल्याकडच्या मुली कोल्हापूरला राहून संगणक शिकतात, वेबसाईट बनवण्याच्या नोकरीला लागतात. मग लग्न, बाळंतपण, सासूबाईंचं आजारपण. आठ-दहा वर्षं निघून जातात. पुन्हा अर्ज केला की पहिला प्रश्न येतो, "मधल्या काळात काय करत होता?" आणि आपली बाई मान खाली घालून म्हणते, "काही नाही, घरीच होते."

हे "काही नाही" आधी सोडा. तुम्ही घर सांभाळलंत म्हणून घरातली बाकीची माणसं बिनघोर नोकरी करू शकली. पण मुलाखतीत त्याचं व्याख्यानही नको. दोन वाक्यं पुरेत: "मुलांच्या संगोपनासाठी मी इतकी वर्षं नोकरी थांबवली होती. आता सहा महिने पुन्हा अभ्यास केला आहे, आणि ही मी बनवलेली वेबसाईट." माफी नको, आणि बायोडाटात खोटा अनुभवही नको.

अभ्यास काय करायचा? एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट हा पाया तोच आहे. फ्लॅश 2020 अखेर बंद झालं, इंटरनेट एक्स्प्लोरर 2022 साली निवृत्त झाला. त्यांच्यासाठी केलेल्या खटपटी विसरलात तरी चालेल. पानाची मांडणी आता फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिडने करतात, जावास्क्रिप्टमध्ये 2015 पासून पुष्कळ भर पडली, रिअॅक्ट आणि गिट अनेक ठिकाणी मागतात. सगळं एकदम धरू नका. जाहिरातीत जे मागितलं आहे ते आधी शिका. मोझिलाच्या एमडीएन या वेबसाईटवर ही माहिती फुकट आहे. मग आपल्याच बचतगटाची एक छोटी वेबसाईट बनवा, मोबाईलवरही नीट दिसेल अशी. आता यंत्राकडून कोड लिहून घेता येतो. म्हणूनच कुठली ओळ का लिहिली, हे तोंडाने समजावून सांगता आलं पाहिजे.

त्यासाठी सराव लागतो. गटातल्या तिघींनी टेबलापलीकडे बसावं आणि खोचक प्रश्न विचारावेत. "मुलं आजारी पडली तर?" "मिस्टरांची परवानगी आहे ना?" पुरुषांना हे कुणी विचारत नाही. नोकरीवर घेताना बाई म्हणून डावलणं 1976 च्या समान वेतन कायद्याने बेकायदा ठरवलं; 2019 च्या वेतन संहितेतही ती तरतूद आहे. पण मुलाखतीच्या खोलीत कायदा शेजारी येऊन बसत नाही. "कामाच्या वेळा मला मान्य आहेत, त्या मी पाळीन," एवढं शांतपणे सांगायचं आणि बोलणं कामावर आणायचं. पगाराचा आजचा दरही विचारून ठेवा, नाहीतर दहा वर्षांपूर्वीच्या आकड्यावरच बोळवण होईल.

मुलाखत व्हिडिओवर असेल तर कोल्हापूरची खेप वाचते. पण आपल्याकडच्या पावसात वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात. आधीच तसं कळवा, दुसरा फोन नंबर द्या, आणि जिथे नेटवर्क धरतं अशा मैत्रिणीच्या घरी बसा.

सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे वेळ. बाईचा अभ्यास घरातलं सगळं आवरल्यावर रात्री अकराला सुरू होतो, आणि थकव्याने झोप लागली की तीच म्हणते, "माझं डोकंच चालत नाही आता." डोकं चालतं, वेळ मिळत नाही. रोजचे दोन तास मोकळे हवेत. नोकरी लागली तर स्वयंपाक कोण करणार, मुलांना शाळेतून कोण आणणार, ही बोलणी घरात मुलाखतीआधीच व्हायला हवीत. नाहीतर नोकरी मिळूनही तिला पहाटे चारला उठून दोन्ही कामं एकटीनेच ओढावी लागतील, आणि वर्षभरात ती पुन्हा घरी बसेल.

तेव्हा पुढच्या बैठकीला ज्या मैत्रिणीची मुलाखत ठरली असेल तिने नाव द्यावं. तिघी प्रश्न विचारायला बसतील, आणि चौथी तेवढा वेळ तिची मुलं सांभाळेल.