तोंडाचा अभ्यास

(साक्षरता वर्गापुढे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



तुम्ही दिवसभर राबून इथे आलात. कुणी हळद शिजवून आलं, कुणी हरभरा काढून आलं. तरी पाटी घेऊन बसलात. त्याबद्दल आधी तुमचं कौतुक.

आज मी तुम्हांला तीनच अक्षरं शिकवणार आहे. आ, म आणि न. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, ही तर आम्हांला येतात." हाताला येतात हे खरं. पण तोंडाला येतात का, ते आज पाहू.

पहिलं अक्षर आ.

म्हणा बरं, आ! मोठ्यानं. आता हात धुतलेले असतील त्यांनी एक करा. अंगठा आणि करंगळी सोडा. उरलेली तीन बोटं एकावर एक उभी धरा आणि वरच्या व खालच्या पुढच्या दातांमध्ये घाला. तिन्ही गेली? मग तुमचं तोंड नीट उघडतं. दोनच गेली, तर डॉक्टरला दाखवा. एकच गेलं, तर उद्याच जा.

माझी किती जातात? अडीच. लपवत नाही. ती अडीच का, तेच सांगायला आलो आहे.

मी मॅट्रिक होऊन शिक्षक झालो. नोकरीच्या पहिल्या वर्षापासून माझ्या खिशात सुपारी असे. तंबाखू कधी खाल्ली नाही. म्हणून मी स्वतःला निर्व्यसनी समजत होतो. वर्गात एक चुणचुणीत मुलगा होता. मधल्या सुट्टीत मी त्याला पैसे देई. म्हणे, "पळ, सुपारी घेऊन ये." तो पळत जाई, पळत येई. मग त्यातलं एक खांड मी त्याला बक्षीस देई. नुसती सुपारी, तिनं काय होतंय, असं मला वाटे.

तो मुलगा मोठा झाला. वसमतच्या मोंढ्यात हमाली करू लागला. सुपारीची सवय होतीच. तिच्या मागून मावा आला, गुटख्याची पुडी आली. त्याचा गळा फार गोड. नर्सी नामदेवला जाणाऱ्या दिंडीत तो अभंग म्हणे, तेव्हा लोक चालता चालता थांबत.

तीन वर्षांपूर्वी तो माझ्या दारात आला. म्हणाला, "गुरुजी, तोंड उघडंना. भाकर कालवणात कुस्करल्याबिगर खाता येत नाही. ठेचा तर लांबच राहिला. अन् अभंगाला आ निघत नाही."

मी त्याला बोटं घालून पाहायला सांगितलं. एक बोट गेलं. दुसरं गेलं नाही.

तो मला काही बोलला नाही. पण त्याच्या हातावर पहिली सुपारी कुणी ठेवली, ते मला आठवत होतं. त्यालाही आठवत असेल. त्या रात्री मला झोप आली नाही.

आम्ही दोघं मिळून छत्रपती संभाजीनगरला गेलो. तिथं सरकारी दंत महाविद्यालय आहे. डॉक्टरांनी दोघांचंही तोंड पाहिलं. त्याच्या गालाचा बारीक तुकडा काढून तपासला. देवाची दया, कॅन्सर नव्हता. पण रोग होता. मलाही होता. माझी तेव्हा दोनच बोटं जात होती.

हा रोग कसा होतो, ते नीट ऐका. सुपारीत एक द्रव्य असतं. त्यानं गालाच्या आतल्या पातळ कातडीखाली तंतू वाढतात. अंबाडीच्या वाखाचा दोर वळावा, तसे ते तंतू आवळत जातात. मऊ गाल चामड्यासारखा ताठ होतो. आधी तिखट झोंबतं. मग गाल आतून पांढरट पडतो. शिट्टी वाजत नाही. जीभ बाहेर येत नाही. शेवटी आ बंद होतो. तोंडात ब्रश जात नाही, म्हणून दात किडतात. दात किडले तरी डॉक्टरला हत्यार आत घालता येत नाही. आणि यातल्या काही जणांना पुढे तोंडाचा कॅन्सर होतो.

ही गोष्ट काही काल कळलेली नाही. मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली या रोगावर लिहिलं होतं. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं जाहीर केलं, की नुसत्या सुपारीनंही कॅन्सर होतो. तंबाखू नसली तरी होतो. आपल्या राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. पण २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत राज्यातली शंभरातली सुमारे चोवीस मोठी माणसं बिनधुराची तंबाखू वापरत होती. आणि गोड सुपारीची पुडी तर आपणच लेकरांच्या हातात देतो. मी दिली, तशी.

डॉक्टरांनी औषध दिलं, आणि त्याबरोबर तोंडाचा अभ्यासही दिला. तो असा:

एक. तोंड सावकाश उघडायचं. जमेल तितकं मोठं. दहा आकडे मोजायचे. मग मिटायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीन वेळा.

दोन. कुल्फीच्या चपट्या, स्वच्छ लाकडी काड्या घ्यायच्या. एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या. तेवढ्या सहज मावू लागल्या, की आणखी एक काडी वाढवायची. एकदम दोन नाही.

तीन. ओठ मिटून दोन्ही गाल हवेनं फुगवायचे. ती हवा या गालातून त्या गालात फिरवायची.

चार. जीभ बाहेर काढायची. डावीकडे न्यायची, उजवीकडे न्यायची. मग वर टाळूला लावायची.

किती काड्या लावायच्या, ते डॉक्टरला विचारूनच ठरवा. जोर करू नका. तोंडात जखम असेल, दात हलत असेल, रक्त येत असेल, तर थांबा आणि डॉक्टरकडे जा.

आणि सगळ्यांत आधी सुपारी सोडायची. सुपारी चालूच ठेवली, तर हा अभ्यास म्हणजे फुटक्या मडक्यात पाणी. मला पहिले पंधरा दिवस फार जड गेले. चिडचिड होई. हात आपोआप खिशात जाई. म्हणून मी खिशात बडीशेप ठेवली. तंबाखूवाल्यांसाठी सरकारचा फुकट फोन आहे. नंबर लिहून घ्या: १८०० ११ २३५६. तुम्हांला आता आकडे लिहिता येतात ना? मग लिहा.

आज त्याची दोन बोटं जातात, माझी अडीच. तिसरं बोट जाईल, असं डॉक्टर म्हणत नाहीत. एकदा वळलेला दोर पुरता सुटत नाही. पण तो आणखी आवळू नये, एवढं आपल्या हातात आहे. तो आता भाकर चावून खातो. भजनात मागं बसतो आणि हळू आवाजात म्हणतो. पहिल्यासारखा आ निघत नाही. ते ऐकताना मी खाली मान घालतो.

दुसरं अक्षर म.

म्हणा, म्म्म. ओठ मिटले ना? आणि हवा कुठून गेली? नाकातून. श्वासाची खरी वाट तीच. नाकातले केस आणि ओलावा धूळ अडवतात. नाक हवा ऊबदार करतं. तोंडानं श्वास घेतला, की तोंड कोरडं पडतं. थुंकी ही दातांची राखणदार आहे. ती सुकली, की दात लवकर किडतात.

तुमची लेकरं झोपली, की आज रात्री पाहा. तोंड उघडं आहे का? घोरतात का? असलं तर रागावू नका. लेकराचं नाक चोंदलेलं असेल. नाकाच्या मागं गाठ वाढलेली असेल. आधी डॉक्टरला दाखवा. बंद वाट उघडल्याशिवाय लेकराला "तोंड मिट" म्हणणं बरोबर नाही. वाट मोकळी झाली, की सवय मोडायची. दिवसा थोडा वेळ दोन ओठांत कागदाची पट्टी धरायला द्या. खेळता खेळता ओठ मिटायला शिकतात. फार लहान लेकराला मात्र देऊ नका.

तिसरं अक्षर न.

म्हणा, न. जीभ कुठं टेकली? वरच्या दातांच्या मागं. गप्प बसलो असताना जिभेची हीच जागा. ओठ मिटलेले, जीभ वर, श्वास नाकानं. लेकरू वर्षानुवर्षं तोंड उघडं ठेवून जीभ खाली पाडून राहिलं, तर वरचा जबडा अरुंद वाढू शकतो. पुढचे दात पुढं येऊ शकतात.

मोठ्या माणसांचेही घशाचे स्नायू शिकवल्यानं शिकतात. जयपूरच्या डॉक्टरांनी झोपेत श्वास अडकणारी ३० माणसं घेतली. काहींना सहा महिने शंख वाजवायला लावलं, काहींना नुसते दीर्घ श्वास घ्यायला. शंखवाल्यांचा झोपेतला श्वास सुधारला, असं २०२५ साली छापून आलं. माणसं थोडीच होती, म्हणून हा शेवटचा शब्द नव्हे. झोपेत श्वास अडकत असेल, तर डॉक्टरकडे जायलाच हवं. पण आरतीचा शंख कुणी वाजवायचा यावरून भांडू नका. आळीपाळीनं वाजवा!

मंडळी, शेवटचं सांगतो. तुमच्यापैकी कुणी चाळिशीत पेन्सिल धरली, कुणी साठीत. पहिल्या दिवशी हात थरथरला. अक्षर रेषेवर बसेना. तुम्ही रोज गिरवलं. आज सही करता. जो हात या वयात शिकला, त्याच अंगाचं तोंड आहे. तेही शिकेल. पण रोज गिरवावं लागेल.

घरी गेल्यावर तीन बोटं घालून पाहा. घरातल्या सगळ्यांची पाहा. जिल्हा रुग्णालयात दातांचे डॉक्टर आहेत. तिथं जायला लाजू नका. आणि लेकराला बक्षीस द्यायचं असेल, तर शेंगदाणे द्या, गूळ द्या, पेन्सिल द्या. सुपारीचं खांड देऊ नका.

मी एकदा दिलं होतं. तेवढं लक्षात ठेवा.