रात्री दहानंतरचं रक्त



मागच्या रांगेतल्या मंडळींना नाटकाची घाई झालीय, हे इथून दिसतंय. मीही त्याच रांगेतला. पाहुणा लांबला की आमच्या टाळ्या जरा लवकरच सुरू व्हायच्या. ती वेळ येऊ नये म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

मी पेशींवर संशोधन करतो, असं परिचयात सांगितलं गेलं. त्याची सुरुवात मात्र आमच्या ओसरीवर झाली, रात्री दहानंतर. आपला वर्धा जिल्हा हत्तीरोगाचा. माझ्या आजीचा डावा पाय खांबासारखा सुजलेला. हत्तीरोगाची तपासणी करणारे फायलेरियावाले रात्रीच यायचे, बॅटरीच्या उजेडात झोपलेल्यांना उठवायचे, बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचे. मी गोधडीत दडायचो. "हे दिवसा काऊन येत नाहीत?" विचारलं की आजी म्हणायची, "त्यायलेच विचार बाप्पा."

विचारायला पुढे बरीच वर्षं गेली. हत्तीरोग ज्या कृमीमुळे होतो, त्याची पिल्लं दिवसा फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि क्युलेक्स डास चावायला निघतो त्या सुमारास कातडीजवळच्या रक्तात येतात. डासाचं वेळापत्रक त्यांना पाठ! म्हणून गावाची झोपमोड.

ही झोपमोड टाळता येईल का, या प्रश्नावर इथून हाकेच्या अंतरावर काम झालं. सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी उभी केली. तिथल्या जीवरसायनशास्त्र विभागात आणि जमनालाल बजाज उष्णकटिबंधीय रोग संशोधन केंद्रात डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं हत्तीरोगाच्या मागे लागले. कृमी दिसत नसेल तर त्याची खूण शोधायची, असा त्यांचा रोख होता. जिवंत पिल्लं पोषक द्रवात ठेवली की ती काही प्रथिनं बाहेर टाकतात. ती प्रथिनं एका काडीला बसवायची आणि काडी माणसाच्या रक्ताच्या नमुन्यात बुडवायची. कृमीविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात असली, तर ती येऊन चिकटतात. मग त्यांना धरणारं दुसरं प्रतिपिंड सोडायचं, पेनिसिलिनेज नावाचं विकर पाठीवर घेतलेलं. शेवटी पेनिसिलिन, स्टार्च आणि आयोडीनचं निळं द्रावण. निळा रंग उडाला, की समजायचं, या शरीराची कृमीशी गाठ पडलेली आहे.

स्टार्च आणि आयोडीन! सातवीच्या पोराला माहीत असलेली जोडी. निकाल वाचायला महागडं यंत्र नको, डोळे पुरेत. मला विचाराल तर चकचकीत प्रयोगशाळेतल्या निम्म्या शोधांपेक्षा ही काडी मोठी. तिच्यातही खोट होती. रोग बरा झाला तरी प्रतिपिंडं मागे राहतात, त्यामुळे जुनं दुखणं कोणतं आणि नवं कोणतं, ते उमगत नाही. म्हणून मग रक्तात खुद्द कृमीचीच प्रथिनं शोधणं आलं.

याच वाटेने सेवाग्रामचं काम क्षयाकडे वळलं. क्षयाच्या जंतूने बाहेर टाकलेलं ईएस-३१ हे प्रथिन घेऊन चाचणी तयार झाली. क्षय मात्र मोठा बेरकी. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बाजारात मिळणाऱ्या क्षयाच्या प्रतिपिंड-चाचण्या वापरू नका असं सांगितलं, आणि पुढच्याच वर्षी भारताने त्यांवर बंदी घातली. रक्तावरून क्षय खात्रीने ओळखायचा कसा, हे कोडं तुमच्या पिढीसाठी शिल्लक आहे.

माझं आजचं कामही खुणेचंच. रक्ताच्या काही कर्करोगांत बिघडलेल्या बी-पेशींवर सीडी-१९ नावाची खूण असते. रोग्याच्याच रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या हाती त्यांच्यात नवं जनुक पाठवायचं, म्हणजे त्या ती खूण ओळखून तशा पेशींना मारू लागतात. मग त्या वाढवून परत शिरेतून सोडायच्या. आयआयटी मुंबईत डॉ. राहुल पुरवार यांच्या गटाने टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉक्टरांबरोबर आपल्या देशातली अशी उपचारपद्धती घडवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी ती देशाला अर्पण केली. परदेशात याला कोट्यवधी रुपये लागतात. इथे खर्च पुष्कळ कमी, तरी लाखांतच. आमच्या गावाच्या हिशेबात अजून वावर विकण्याइतका. निरोगी बी-पेशींवरही सीडी-१९ असतं, त्यामुळे त्याही मरतात. टी-पेशी फार चेकाळल्या तर रोग्याचा ताप आटोक्याबाहेर जातो, रक्तदाब कोसळतो. डॉक्टरांना रात्र-रात्र उशाशी बसावं लागतं.

म्हणजे झोपमोड काही टळली नाही, फक्त माणसं बदलली. संशोधनाच्या पहिल्या वर्षी मी वाढवलेल्या पेशी तीनदा बुरशीने मेल्या, तेव्हा माझीही झोप उडाली होती. चूक माझीच, घाईघाईत झाकण उघडं राहिलेलं.

बरं, आता नाटक. विज्ञान मंडळासाठी स्टार्च आणि आयोडीन आणलंय. तुमच्या बाईंनी उद्या सकाळी नऊला प्रयोगशाळेची किल्ली द्यायचं कबूल केलंय. पेनिसिलिनेज काही मला आणता आलं नाही. पण निळा रंग लिंबाच्या रसानेही उडतो, तेव्हा येताना घरून एकेक लिंबू घेऊन या.